औद्योगिक पट्ट्यातील वकिलाने कोणता कायदा जाणावा?

पिंपरीचे नाव भारताच्या न्यायनिर्णयांत आले ते कामगारांमुळे. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यातील वेतनाचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६६ साली न्यायालयाने त्याचा निकाल दिला. कंपनीचे म्हणणे असे होते की, सार्वजनिक क्षेत्रातील उद्योगाचा नफा राष्ट्राच्याच कामी येतो, तेव्हा त्याच्या कामगारांचे वेतन खासगी कारखान्यांच्या मापाने मोजता येणार नाही. न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. कारखाना सरकारचा असो वा शेठजींचा, त्या उद्योगात व त्या प्रदेशात जे वेतनमान चालते, तेच वेतन ठरविताना पाहावयाचे, हा दंडक त्या निकालाने सार्वजनिक क्षेत्रालाही लागू केला. पुढे देशभरातील सार्वजनिक उद्योगांतील वेतनकरारांच्या वेळी या निकालाचा आधार घेतला गेला. जो कारखाना पेनिसिलीनसाठी प्रसिद्ध होता, त्याच्या कामगारांनी कायद्यालाही काही दिले, ही गोष्ट पिंपरी-चिंचवडमधील किती तरुण वकिलांना ठाऊक असेल?

प्रश्न टोचणारा आहे, पण तो विचारणे भाग आहे. आकुर्डी, भोसरी, चिंचवडच्या शेतजमिनी साठच्या दशकापासून औद्योगिक महामंडळाने व १९७२ नंतर नवनगर विकास प्राधिकरणाने संपादन केल्या, आणि या गावांतील वकिली वाढली ती त्या जमिनींच्या आधाराने. सातबारा, वाटणी, संपादनाचा मोबदला, साडेबारा टक्के परतावा यांत येथील वकील मुरलेला आहे. चाकणचा भाग खेड तालुक्यात मोडतो. तेथील दिवाणी व फौजदारी कामे राजगुरुनगरला चालतात आणि तेथेही जमीन हाच मुख्य विषय. कामगाराचा तंटा मात्र पुण्यातील कामगार न्यायालयात, औद्योगिक न्यायालयात किंवा समेट अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो. त्यामुळे पट्टा कारखान्यांचा आणि वकिली जमिनीची, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली आहे.

यात सर्व दोष वकिलांचा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानेच वकिलाला दाराबाहेर उभे केले होते. त्याच्या कलम ३६(४) प्रमाणे कामगार न्यायालयासमोर वा न्यायाधिकरणासमोर वकील उभा करावयाचा, तर दुसऱ्या पक्षाची संमती व न्यायाधिकरणाची परवानगी, अशी दोन्ही लागत. हेतू चांगला होता. पैसेवाल्या मालकाने नामांकित कायदेपंडित आणून गरीब कामगाराला नामोहरम करू नये, हा तो हेतू. परंतु १९७६ साली पारादीप बंदराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ लावताना सांगितले की, वकील हा मालकांच्या संघटनेचा वा कंपनीचा अधिकारी असेल, तर अधिकारी म्हणून त्याला उभे राहता येते. म्हणजे मालकाच्या कायदेतज्ज्ञाला बाजूचे दार उघडे राहिले. कामगाराच्या बाजूने मात्र युनियनचा कार्यकर्ता स्वत:च्या अनुभवाच्या बळावर लढत राहिला. कित्येकांनी हे काम वकिलांपेक्षा सरस केले, हे मान्यच करावयास हवे. पण ज्या कारखान्यात युनियनच नाही, तेथे हा अनुभवी कार्यकर्ता कोठून यावयाचा? चाकणच्या कंत्राटी कामगाराला कामावरून काढले की तो पहिल्यांदा गाठतो ते ओळखीच्या वकिलालाच. आणि त्या पहिल्या भेटीत वकील काय सांगतो, यावर त्याचे पुढचे आठ-दहा वर्षांचे भवितव्य ठरते.

हे अतिशयोक्तीचे वाटत असेल, तर कंत्राटी कामगाराविषयीचे निकाल पाहावेत. पुण्याच्याच कल्याणी स्टील्स या कंपनीच्या उपाहारगृहातील कामगारांच्या वतीने विविध कामगार सभेने महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली तक्रार केली. हा कायदा म्हणजे कामगार संघटनांना मान्यता देणारा व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा. महाराष्ट्रातील कामगार चळवळीच्या हाती असलेले हे मोठे हत्यार. कामगार कंत्राटदाराचे दाखविले असले, तरी वस्तुत: ते कंपनीचेच आहेत, हा संघटनेचा दावा. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालक-कामगार हे नातेच वादग्रस्त असेल, तर या कायद्याखाली तक्रार चालणार नाही; ते नाते आधी योग्य त्या न्यायासनापुढे सिद्ध करून आणा, मग तक्रार करा. त्याच वर्षी सिप्ला कंपनीच्या प्रकरणात हेच पुन्हा सांगण्यात आले. आणि त्याच २००१ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात निर्णय दिला की, शासनाने एखाद्या कामात कंत्राटी पद्धतीला बंदी घातली, तरी तेवढ्याने तेथील कंत्राटी कामगार आपोआप मुख्य मालकाचे होत नाहीत. एअर इंडियाच्या प्रकरणात १९९६ साली त्याच न्यायालयाने दिलेला कामगारांना अनुकूल निर्णय अशा रीतीने रद्द ठरला. कंत्राट हे निव्वळ नाटक आहे, कागदी पडदा आहे, हे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे पुराव्याने शाबित केले, तरच पडद्यामागचा खरा मालक उघड होणार.

या तीन निकालांचा व्यवहारातील अर्थ असा. ज्या वकिलाला ते ठाऊक नाहीत, तो कंत्राटी कामगाराची तक्रार अनुचित प्रथेच्या कायद्याखाली दाखल करतो. कंपनी पहिल्याच दिवशी लेखी कैफियत देते: हे आमचे कामगारच नव्हेत. तारखा पडतात. वर्षे जातात. शेवटी तक्रार चालण्यासारखी नाही म्हणून निकाली निघते. एव्हाना कामगार गावी परत गेलेला असतो किंवा दुसऱ्या कंत्राटदाराकडे कमी पगारावर लागलेला असतो आणि त्याचे साक्षीदार पांगलेले असतात. कामगार हरला तो त्याची बाजू खोटी होती म्हणून नव्हे, त्याला चुकीच्या दारात उभे केले म्हणून. दिवाणी न्यायालयात दावा लावणाऱ्याची गतही वेगळी नसते. औद्योगिक कायद्याने निर्माण केलेला हक्क त्याच कायद्याच्या यंत्रणेकडून मिळवावयाचा असतो, हे प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या निकालाने १९७५ सालीच स्पष्ट झालेले आहे.

योग्य दार सापडले, तरी पुरावा लागतो, आणि तो कामगार कामावर असतानाच गोळा करावा लागतो. कोणत्या पर्यवेक्षकाने काम नेमून दिले, रजा कोणी मंजूर केली, गेटपासवर कोणाचा शिक्का होता, कंत्राटदार बदलला तरी तोच कामगार त्याच यंत्रावर राहिला काय, भविष्यनिर्वाह निधीचा भरणा कोणाच्या नावे झाला, या साध्या गोष्टींतूनच खरा मालक कोण ते दिसते. १९७८ साली हुसेनभाई प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी घालून दिलेली कसोटी अशी की, ज्याच्या उद्योगासाठी कामगार राबतो आणि ज्याच्या हाती त्याच्या पोटापाण्याची किल्ली असते, तोच त्याचा मालक. मधल्या कंत्राटदाराचे अस्तित्व त्यापुढे गौण. ही कसोटी जाणणारा वकील कामगाराला पहिल्या भेटीत पगाराची पावती मागतोच, पण त्याबरोबर ओळखपत्राची प्रत, बसच्या पासाचा तुकडा, पाळीच्या यादीचे मोबाईलमधले छायाचित्र हेही मागतो.

कंत्राटी कामगाराचा निदान पगार तरी सुरक्षित आहे. कंत्राटदाराने तो बुडविला, तर मुख्य मालकाने द्यावयाचा, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती व नव्या संहितेतही ती ठेवलेली आहे. तथापि पगार बुडाल्यावर कंपनीकडे लेखी मागणी करावयाची असते, हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

तात्पुरत्या कामगाराची कहाणी वेगळी आहे. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत कलम ४-क आहे: बारा महिन्यांत २४० दिवस अखंड सेवा झाली की बदली वा तात्पुरत्या कामगाराला कायम करावयाचे. या एका कलमाने पुणे जिल्ह्यातील कारखान्यांची भरतीपद्धती घडविली, असे म्हटले तरी चालेल. कामगाराला सात महिने ठेवावयाचे, मग ‘ब्रेक’ द्यावयाचा, म्हणजे २४० चा आकडा कधी भरतच नाही. ‘ब्रेक’ हा शब्द भोसरीपासून महाळुंगेपर्यंतच्या प्रत्येक चाळीत मराठी होऊन बसला आहे. वर्षानुवर्षे असे तात्पुरते ठेवून कायमपणाच्या हक्कांपासून वंचित करणे, ही १९७१ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत सहाव्या क्रमांकाची अनुचित प्रथा आहे. येथे तक्रार चालते, कारण येथे नाते नाकारता येत नाही. नेमणूकपत्र कंपनीचेच असते. म्हणजे शेजारशेजारच्या यंत्रांवर उभे असलेल्या दोघा कामगारांना दोन वेगळ्या न्यायासनांकडे जावे लागते. तिसऱ्या यंत्रावर शिकाऊ उमेदवार असेल, तर त्याला १९६१ च्या कायद्याचे कलम १८ आडवे येते. ते सांगते की उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे, आणि कामगारांचे कायदे त्याला लागू नाहीत. तो खरोखर शिकतो आहे की शिक्षणाच्या नावाखाली उत्पादन काढतो आहे, हे पुराव्याने दाखविणे, एवढाच मार्ग त्याच्यापुढे उरतो.

आता या सर्वांवर नवे कायदे आले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र शासनाने चार श्रमसंहिता अमलात आणल्या व २९ जुने कायदे त्यांत विलीन केले. समाजवादी चळवळीने व बहुतेक केंद्रीय कामगार संघटनांनी या संहितांना विरोध केला, त्याची कारणे कार्यकर्त्यांना परिचित आहेत. परंतु विरोध करणे एक आणि अमलात आलेला कायदा न वाचणे दुसरे. निषेधाच्या ठरावाने कोणाची मुदत वाढत नाही.

मुदतीचाच मुद्दा घ्यावा. कामावरून काढलेल्या एकट्या कामगाराला औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २-अ खाली न्यायाधिकरणाकडे जाण्यास तीन वर्षे मिळत. औद्योगिक संबंध संहितेने ती दोन केली. इतर विवादांत शासनाने ‘रेफरन्स’ करण्याची अट गेली, ही गोष्ट चांगली झाली, कारण मंत्रालयात फाइल अडकवून ठेवण्याची सोय त्यामुळे संपली. पण समेट अधिकाऱ्याचा अहवाल हाती आल्यापासून ९० दिवसांत पक्षाने स्वत: अर्ज करावयाचा आहे. अनुचित प्रथेच्या तक्रारीलाही १९७१ च्या कायद्यात ९० दिवसच आहेत. अपघाताच्या भरपाईसाठी १९२३ च्या कायद्यात दोन वर्षे होती. या निरनिराळ्या मुदती एकाच कामगाराच्या डोक्यावर एकाच वेळी टांगलेल्या असू शकतात. जमिनीच्या दाव्यात बारा वर्षांची मुदत मोजण्याची सवय झालेल्या वकिलाच्या हातून येथे चूक होणे अगदी स्वाभाविक आहे, आणि तिची किंमत त्याला मोजावी लागत नाही.

स्थायी आदेशांचे काय झाले? केंद्रीय कायद्यात ते शंभर कामगारांच्या आस्थापनेला लागू होते, महाराष्ट्राने ती मर्यादा पन्नासवर आणली होती. संहितेने ती तीनशेवर नेली. चाकण, तळवडे, भोसरी येथील सुटे भाग बनविणाऱ्या लहान कारखान्यांपैकी कितीतरी या मर्यादेच्या खाली आहेत. २४० दिवसांचा दंडकच ज्यांच्यावरून निघून जातो, त्यांना ‘ब्रेक’ देण्याचीही गरज उरत नाही. कामगारकपात व कारखाना बंद करण्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी घेण्याची अटही शंभरवरून तीनशेवर गेली. मुदतबंद नेमणुकीच्या कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन व एका वर्षानंतर उपदान मिळेल, असे संहिता सांगते, आणि हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. पण मुदत संपली की नोकरी संपली, आणि ती कामगारकपात समजली जात नाही. उपदान मिळाले म्हणून कायमपणाचा हक्क मिळाला, अशी कामगाराची समजूत होत असेल, तर ती वेळीच दूर करणे हे वकिलाचे काम आहे.

व्यावसायिक सुरक्षा संहितेचे कलम ५७ विशेष वाचण्यासारखे आहे. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावता येणार नाही, असे ते आरंभी ठणकावून सांगते आणि पुढे अपवाद देते: जे काम एरवी कंत्राटदाराकडूनच होत असते ते, ज्याला दिवसभर कामगार लागत नाही ते, आणि कामाचा बोजा अचानक वाढला व ठराविक मुदतीत पुरा करावयाचा असला तर ते. सफाई, उपाहारगृह, पहारा, माल चढविणे-उतरविणे ही कामे बहुतेक आस्थापनांत मुख्य कामाच्या व्याख्येतूनच वगळली आहेत. मोटारींच्या कारखान्यात दसरा-दिवाळीपूर्वीची मागणी दरवर्षी येते. तिला ‘अचानक’ म्हणता येईल काय? जुळणीच्या पट्ट्यावर बाराही महिने उभा असलेला कंत्राटी मुलगा कोणत्या अपवादात बसतो? या प्रश्नांवर अजून न्यायनिर्णयांची परंपरा तयार व्हावयाची आहे. ती पुढील काही वर्षांत तयार होईल, आणि पहिली प्रकरणे नीट लढविली गेली नाहीत, तर वाईट निकाल पुढच्या पिढीच्या कामगारांच्या गळ्यात पडतील. २००१ मध्ये जे घडले, ते डोळ्यांपुढे आहे.

महाराष्ट्रापुरता याहून नाजूक प्रश्न १९७१ च्या कायद्याचा आहे. औद्योगिक संबंध संहितेने रद्द केलेल्या तीन केंद्रीय कायद्यांत तो नाही, कारण तो राज्याचा कायदा आहे. मग तो तसाच उभा आहे, की संहितेशी विसंगत म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद २५४ खाली त्याचा काही भाग निष्प्रभ होतो? त्या कायद्याखाली तीस टक्के सभासद असलेल्या संघटनेला मान्यता मिळू शकते. संहितेत एकमेव वाटाघाटी संघटना होण्यास एक्कावन्न टक्के लागतात आणि तेवढे कोणाकडे नसतील, तर वीस टक्क्यांच्या हिशोबाने वाटाघाटी परिषद बनते. दोन्ही एकाच कारखान्यात एकाच वेळी कसे चालावयाचे? तेव्हा राज्यघटना हा विषय केवळ उच्च न्यायालयातील वकिलांचा, असे मानून पिंपरीच्या वकिलाला भागणार नाही. त्याच्या अशिलाच्या युनियनची मान्यताच त्या अनुच्छेदावर टांगलेली आहे. १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत औद्योगिक कलहाचे विधेयक आले, तेव्हा त्यातील संपावरील बंधने कलमे उलगडून दाखविणारे आणि ७ नोव्हेंबरच्या संपात कामगारांबरोबर उभे राहणारे डॉ. आंबेडकर बॅरिस्टर होते, याचे स्मरण वकीलवर्गाला मधूनमधून व्हावे.

अपघातांचा विषय दुर्दैवाने या पट्ट्याला नवा नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या जागेला आग लागली आणि पोटासाठी तेथे काम करणाऱ्या स्त्रिया होरपळून मेल्या. सहा जणी त्याच दिवशी गेल्या, पुढे जखमींपैकीही काही दगावल्या. अशा प्रसंगी वर्तमानपत्रे ‘गुन्हा दाखल’ एवढ्यावर थांबतात. वकिलाचे काम तेथून सुरू होते. गुन्हा ज्या तारखेस घडला, त्या तारखेचा दंडकायदा लागू होतो. म्हणून १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला भारतीय दंड संहिता, नंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहिता. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याची शिक्षा जुन्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत होती, नव्यात ती पाच वर्षांपर्यंत आहे. भरपाईचा मार्ग याहून निराळा. कामगार राज्य विम्याखाली येत असेल, तर भरपाईच्या कायद्याखाली वेगळा दावा लावता येत नाही. विमा नसेल, तर कंत्राटदाराच्या मागे असलेल्या मुख्य मालकावरही जबाबदारी टाकता येते. यंत्राखाली बोटे गेलेल्या कामगाराला चुकीचा दावा लावून देणारा वकील त्याचे दोनदा नुकसान करतो. आणि मालकाने नोंदणीच केली नव्हती म्हणून विम्याचा हक्क बुडत नाही, हे त्या कामगाराला सांगणारे कोणी भेटले नाही, तर तो ‘समझोत्या’च्या कागदावर अंगठा देऊन मोकळा होतो.

फौजदारी कायद्याची आणखी एक बाजू प्रत्येक संपात दिसते. प्रवेशद्वारावर सभा घेतली की जमावबंदीचा आदेश निघतो. पूर्वी तो कलम १४४ खाली निघे, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक न करता आधी हजर राहण्याची नोटीस देण्याची तरतूद जुन्या कलम ४१-अ मध्ये होती, ती आता कलम ३५ मध्ये आहे. २०१३ साली बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातील संप पन्नास दिवस चालला. एवढ्या लांबणाऱ्या लढ्यात कार्यकर्त्यांची ताकद जामीनअर्जांत संपू द्यावयाची नसेल, तर ही कलमे तोंडपाठ असणारे दोन वकील पुरेसे होतात.

शेवटी पैशाचा प्रश्न उरतोच. कंत्राटी कामगार वकिलाची फी कोठून देणार? १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत विधिसाहाय्याचे जे हक्कदार सांगितले आहेत, त्यांत स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांच्याबरोबर ‘औद्योगिक कामगार’ असे स्पष्ट शब्द आहेत आणि त्याला उत्पन्नाची मर्यादा घातलेली नाही. औद्योगिक आपत्तीत सापडलेल्यांनाही तो हक्क आहे. साऱ्या देशात या कलमाचा उपयोग जेथे सर्वाधिक व्हावा, असा हा पट्टा आहे. खेड, मावळ आणि पिंपरी येथील विधिसेवा समित्यांच्या वकिलांच्या यादीत कामगार कायदा जाणणारे किती आहेत, हे पक्षाच्या शाखांनी लेखी अर्ज करून विचारावे. नसतील तर नेमण्याची मागणी करावी, आणि वकीलसंघांना या चार संहितांवर व कंत्राटी कामगारांच्या निकालांवर अभ्यासवर्ग घ्यावयास लावावेत. तोवर ‘ब्रेक’ मिळालेला, काढून टाकलेला वा जखमी झालेला जो कोणी शाखेच्या कार्यालयात येईल, त्याची घटनेची तारीख, कंत्राटदाराचे नाव आणि गेटपासची प्रत त्याच दिवशी वहीत नोंदवून ठेवण्याचे काम तर कोणत्याही कार्यकर्त्याला वकिलाची वाट न पाहता करता येईल.